भावोजी टूरला निघतात

"रोपवेची दोरी शेवटची कधी बदलली?"

आमच्या भावोजींनी टूरवालीला विचारलेला हा पहिला प्रश्न. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या होत्या, पाणी दिलं होतं, आणि समोर रंगीत फोटो पसरून ती नुकतीच सांगायला लागली होती की आधी दोन शहरं, मग डोंगर आणि शेवटी बोटीने बेटांवर. शहरांबद्दल भावोजी काही बोलले नाहीत. डोंगरांचा फोटो आला तसे ते पुढे सरकले, चष्मा चढवला, दोन शिखरांच्या मधल्या बारीक काळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि हे विचारलं.

टूरवाली हसली. "काका, रोज शेकडो लोक जातात त्यातून."

"म्हणूनच विचारतोय. जितकी माणसं जास्त, तितकी दोरी लवकर झिजते."

ताईने टेबलाखालून माझा हात दाबला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. मी गप्प बसले, पण आतून चरफडत होते. संसार होऊन मुलगी सासरी गेली, आणि हा माणूस आत्ता कुठे बायकोला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडतोय, तर नमनालाच दोरी!

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करतात. इमारतीच्या गच्चीवर एक खोली असते, तिथे लिफ्टची मोटर असते आणि तिथून तळापर्यंत एक अंधारी विहीर गेलेली असते. त्या विहिरीत उतरायचं, हे त्यांचं काम. अंगाने किरकोळ, हात लांब, बोटांना कितीही साबण लावला तरी ग्रीसचा वास. माणूस सोन्यासारखा, पण काळजी करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. ताईला एक शिंक आली की हे खिडकी लावतात, दुसरी आली की डॉक्टरचा नंबर शोधतात. गॅस बंद केलाय का ते बघतात, जिना उतरून पुन्हा वर येऊन बघतात, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर ताईलाच विचारतात, "आपण बघितलं ना गं?" मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण त्यांना बघूनच निघाली असावी असं मला कधी कधी वाटतं.

आणि माझी ताई लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं देते. बसस्थानकावर काचेच्या त्या अर्धगोल भोकामागे तिचं सगळं वय गेलं. कुठल्या गावाला जाताना समुद्र कुठल्या बाजूला दिसतो, घाटात दरी कुठल्या हाताला येते, सगळं तिला पाठ. "डावीकडची घ्या, छान दिसतं," असं ती सांगते. स्वतः तिने यातलं काही म्हणजे काही पाहिलेलं नाही. जाऊन आलेल्यांनी सांगितलेलं ती जाणाऱ्यांना सांगते. एकदा एक बाई काचेतून म्हणाली, "तुम्ही फार फिरलेल्या दिसता हो." ताई हे हसत हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

तसे बेत पूर्वीही झाले होते. एकदा कुठल्याशा पुलाला तडा गेल्याची बातमी आली आणि भावोजींनी तिकिटं परत केली. तो पूल आमच्या वाटेवरसुद्धा नव्हता. एकदा वादळ येणार म्हणून बेत रद्द झाला. वादळ आलंच नाही. मागच्या खेपेला तर बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या आणि भावोजींच्या छातीत धडधडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही, घाबरलेत. ताईने बॅगा उघडल्या, कपडे कपाटात लावले आणि दुसऱ्या दिवशी तिकिटांच्या खिडकीत जाऊन बसली. रागावली नाही, रडली नाही. मी तिच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

यंदा मात्र ती बोलली. चहा देता देता, आवाज न चढवता.

"अहो, या वेळी मी जाणार आहे. तुम्ही आलात तर दोघं जाऊ. नाही आलात तर एकटी जाईन."

भावोजींचा कप हातातच राहिला. "एकटी? एकटी कशी जाशील?"

"बसमध्ये बसून."

त्या दिवसापासून भावोजींचा जीव टांगणीला लागला. गेलो तर काहीतरी होईल, ही एक भीती. आणि नाही गेलो तर ही एकटी जाईल, ही दुसरी, पहिलीपेक्षा मोठी. इकडे आड तिकडे विहीर, आणि विहिरीशी तर त्यांची रोजची गाठ! मोठी भीती जिंकली म्हणून ते टूरवालीच्या ऑफिसात आले होते. हौसेने नव्हे.

पुढचे दिवस त्यांनी तिचं डोकं खाल्लं. बोटीत किती माणसं बसतात ते नको, किती बसवता ते सांगा. हॉटेलात खोली कितव्या मजल्यावर, आणि जिना कुठल्या बाजूला? लाइफ जॅकेट बायकांच्या मापाची असतात की सगळ्यांना एकच? शेवटी शेवटी ती त्यांचा फोन उचलेनाशी झाली, तसा मोर्चा माझ्याकडे वळला. मी दोन-चार टूर केलेल्या, त्यामुळे त्यांच्या लेखी मी जगप्रवासी.

"मेहुणीबाई, बोट लागते म्हणजे नेमकं काय होतं?"

"उलटी होते."

"बोट?"

"माणसाला, भावोजी! माणसाला!"

बॅगेत त्यांनी एक टॉर्च घेतला, तो बंद पडला तर दुसरा घेतला, एक शिट्टी घेतली आणि चांगला जाडजूड दोर घेतला. मी म्हटलं, बेटावर काय विहीर खणायचीय का? ते म्हणाले, "असू दे." चेहरा असा की मी पुढची थट्टा सोडून दिली. जेवण कमी झालं होतं, डोळे ओढल्यासारखे दिसत होते. ताई तेवढी शांत. ती दोघांच्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि मधून मधून त्यांच्याकडे बघत होती. या वेळी तरी दारातून पाय बाहेर पडतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

या भीतीचं मूळ मला ठाऊक आहे, तेही सांगून टाकते. भावोजी काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. लिफ्टच्या विहिरीत उतरण्याआधी मिस्त्री काय करतो, तर मोटरच्या खोलीतला फ्यूज काढतो, बोटाएवढा, चिनीमातीचा, आणि स्वतःच्या खिशात घालतो. तिथे पाटी लावतो: माणूस आत आहे. फ्यूज खिशात आहे तोवर लिफ्ट कोणाच्या बापाला हलवता येत नाही. काम झालं की वर येऊन तो आपल्या हाताने बसवतो. भावोजींच्या वस्तादांनी एकदा काम संपवलं, फ्यूज दुसऱ्याच्या हातात दिला, म्हणाले, झालं, बसव जाऊन. तो माणूस वर गेला. तेवढ्यात वस्तादांना आठवलं की पाना खालीच राहिला, आणि ते एका मिनिटासाठी परत विहिरीत उतरले. वस्ताद वाचले, पाय गेला. भावोजी तेव्हा मधल्या मजल्यावर उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

तेव्हापासून त्यांच्या कंपनीत कायदाच झाला: ज्याने काढला त्यानेच बसवायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, निरोपावर नाही, फोनवर नाही, साहेबाने सांगितलं तरी नाही. आणि तेव्हापासून "सगळं ठीक आहे" असं कोणी म्हटलं की भावोजी स्वतः जाऊन बघून येतात.

निघायचा दिवस उजाडला. मी त्यांना पोचवायला बसस्थानकावर गेले. टूरची बस उभी होती, टूरवाली हातात कागद घेऊन माणसं चढवत होती. भावोजींनी बसला एक फेरी घातली, चारही बाजूंची चाकं पाहिली, मागच्या दाराचं हँडल ओढून पाहिलं. मग आश्चर्य म्हणजे मुकाट्याने वर चढले. ताई खिडकीशी, ते शेजारी. ताईच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी तिच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी खालून हात हलवत होते आणि मनात म्हणत होते, लवकर हलवा रे बाबांनो गाडी, याचं मन फिरायच्या आत.

तेवढ्यात भावोजींचा फोन वाजला.

मला काचेतून फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. "हो" म्हणाले. मग दुसरा हात कोटाच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. तोंडावरचं रक्त उतरताना पाहणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. मला वाटलं, छातीत दुखतंय. मी धावत बसमध्ये चढले.

त्यांच्या तळहातावर फ्यूज होता.

आदल्या दिवशी ते एका वृद्धाश्रमाची लिफ्ट बघायला गेले होते. काम झालं, वर आले आणि नेमकी त्या भागातली वीज गेली. वीज आल्याशिवाय लिफ्ट चालवून बघता येईना, म्हणून ते थांबले. तेवढ्यात टूरवालीचा फोन: काका, जॅकेटं आली आहेत, मापाची आहेत का येऊन बघा म्हणजे तुमचं समाधान होईल. बिचारीने चांगुलपणाने केलं. लाइफ जॅकेट म्हटल्यावर भावोजी जे सुटले ते थेट तिच्या ऑफिसात, आणि तिथून घरी. रोज संध्याकाळी एका खिशातलं सगळं न बघता दुसऱ्या खिशात टाकायची सवय. चष्म्याच्या डबीबरोबर, पेनाबरोबर फ्यूजही प्रवासाच्या कोटात आला. उभ्या आयुष्यात जे झालं नव्हतं ते झालं, आणि काळजीपायीच झालं.

सकाळी आश्रमातून तक्रार गेली, म्हणून भावोजींचा जोडीदार तिथे पोचला. बघतो तर फ्यूजची जागा रिकामी आणि पाटी लावलेली: माणूस आत आहे. पाटीवर भावोजींचं नाव. त्याने विहिरीत हाका मारल्या, उत्तर नाही. त्याने फोन लावला, आणि रिंग खालून ऐकू येते का म्हणून तो विहिरीत वाकून ऐकत होता.

"अहो, मग त्याला सांगा ना, आत कोणी नाही, दुसरा फ्यूज टाक," मी म्हटलं. मला कायदा माहीत होता, तरी म्हटलं. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं.

भावोजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोनमध्ये म्हणाले, "हात लावू नकोस. मी येतो." मग ताईकडे वळले. "ऊठ. उतरूया."

ताई बसून होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "तुम्हाला जावंच लागेल, मला कळतंय. आश्रमातली माणसं वर अडकलीत. जा. पण मी उतरणार नाही."

"अगं, एकटी..."

"आज उतरले तर परत कधी चढणार नाही मी. तुम्ही मागून या."

टूरवाली म्हणाली, गाडी थांबवता येणार नाही, पण काका, उद्या आम्ही दुसऱ्या शहरात आहोत, तिथे या, डोंगर त्यानंतर. भावोजी उभेच. मी त्यांचा दंड धरून त्यांना खाली आणलं. त्यांची बॅग कोणीतरी खाली दिली. बस गेली. ताईने हात हलवला, यांनी हलवला नाही. ते बसच्या मागच्या चाकांकडे बघत होते.

टॅक्सी करून आम्ही आश्रमात पोचलो. वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर व्हरांड्यात खुर्च्यांची रांग होती आणि लिफ्टच्या बंद दाराकडे तोंड करून म्हातारी माणसं बसली होती. एक आजी नटून, पर्स घेऊन तयार. त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. गच्चीवरच्या खोलीत जोडीदार जमिनीवर बसला होता, शर्ट घामाने भिजलेला, हातात टॉर्च. भावोजींना बघून त्याने एक सणसणीत शिवी हासडली, आणि मग उठून त्यांचा हात जो पकडला तो सोडेना.

भावोजींनी विहिरीचं दार उघडलं. आत कोणी नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी त्यांनी खाली वाकून हाक मारली, "आत कोणी आहे?" थांबले. पुन्हा हाक मारली. मग फ्यूज बसवला, पाटी काढली. लिफ्ट हलली, खाली कोणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या जिवात जीव आला. भावोजींच्या काही आला नाही.

घरी येऊन ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले ते बसलेच. मी चहा केला, तो गार झाला. मी म्हटलं, "उठा. रात्रीची बस आहे. उद्या तिच्यापाशी पोचाल."

"मी नाही जात."

"का? आता कुठला पूल पडला?" माझा पारा चढला होता. "ती तिकडे एकटी गेलीय आणि तुम्ही इथे स्टुलावर?"

"म्हणूनच नाही जात," ते म्हणाले. आवाज इतका साधा होता की मला माझी लाज वाटली. "मी म्हटलं उतर, ती उतरली नाही. बरोबर केलं तिने. मला आपलं वाटायचं, मी इतकी काळजी घेतो म्हणून हिचं सगळं नीट चाललंय. तसं काही नसतं, मेहुणीबाई. ती माझ्यावाचून चांगली गेली. मी गेलो असतो तर दोरी बघ, बोट बघ, जिना बघ. माझी समजूत काढण्यात तिची टूर संपली असती. एकदा तरी बाईला नीट खिडकीबाहेर बघू दे."

हेच मी मनातल्या मनात वर्षानुवर्षं म्हणत आले होते. त्यांच्या तोंडून मात्र ते मला ऐकवेना. ज्या माणसाला स्वतःचं ओझं झालंय त्याला उचलायचं कसं?

दिवे लागायच्या सुमारास ताईचा फोन आला. भावोजी फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. कामात हात मोकळे लागतात ना. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"पोचले," ताई म्हणाली.

"बरं झालं. जेवलीस?"

"नाही."

"का गं?"

"जेवण खाली आहे. खोली वर आहे." ती थांबली. "लिफ्ट आली, दार उघडलं, आणि मी आत गेलेच नाही. आत एकटीच असते ना मी. जिन्याने निघाले तर जिन्यात अंधार. परत आले. चपला घालून पलंगावर बसलेय."

भावोजी स्टुलावरून उठले.

"मला कधी कशाची भीती वाटली नाही, तुम्हाला माहितीये," ताईचा आवाज आता कापत होता. "सगळे म्हणायचे, नवरा भित्रा पण बायको खंबीर. मीही तेच समजत होते हो. आज गाडी सुटल्यापासून मी ड्रायव्हर जागा आहे का ते बघत होते. पूल आला तर डोळे मिटून घेतले. बाहेर काय होतं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. मी खंबीरबिंबीर काही नाही. तुम्ही माझ्या वाटणीचंही घाबरून घ्यायचात, माझ्यापर्यंत काही येतच नव्हतं. आज सगळं एकदम आलं अंगावर."

मी पदराने डोळे पुसले. कोणीही असतं तर म्हणालं असतं, अगं जा, काही होत नाही, चांगल्या हॉटेलातली लिफ्ट आहे. मीही तेच म्हणणार होते. भावोजींनी हात वर करून मला थांबवलं.

"मी बघितल्याशिवाय त्या लिफ्टबद्दल मला सांगता येणार नाही," ते ताईला म्हणाले. "तेव्हा चढू नकोस. खाली फोन कर, जेवण वर पाठवायला सांग. पाठवतात. मी रात्रीच्या बसने निघतोय. उद्या त्या दुसऱ्या शहरात तुमची गाडी पोचेल तेव्हा मी तिथे उभा असेन."

"एकटे याल? रात्रभर?" ताईने विचारलं. मग हळूच, "आणि तोवर मी काय करू?"

"तोवर तू जेव आणि झोप," भावोजी बॅग उचलत म्हणाले. "घाबरायचं मी बघतो."